पाण्याचे साल, चाऱ्याचे साल

मासे ज्या पाण्यात वाढतात त्याच पाण्यावर जनावरांचा चारा पिकवावा, ही कल्पना अलीकडच्या काळात 'ॲक्वापॉनिक्स' या नावाने आपल्यापुढे येते. एका टाकीत मासे, शेजारच्या वाफ्यात रोपे आणि दोहोंमधून पंपाने फिरत राहणारे पाणी, हे तिचे सर्वपरिचित चित्र. भाजीपाल्यासाठी रुळलेली ही पद्धत वैरणीसाठीही वापरावी, म्हणजे गायरान उरले नाही, पाऊस बेभरवशाचा झाला आणि गवत कापायला माणूस मिळत नाही अशा गोठ्यांची चिंता मिटेल, असे तिचे पुरस्कर्ते सांगतात. पद्धत नवी असली तरी तिच्या मुळाशी असलेला विचार मात्र जुना आहे. माशाने पाण्यात सोडलेले पिकाला मिळावे, पिकाचे जनावराला मिळावे आणि उरलेले पुन्हा माशाकडे यावे, असे चक्र माणसाने शतकानुशतके चालवले आहे. त्या चक्राचा इतिहास पाहू लागलो की एक गोष्ट ठळकपणे जाणवते. पाणी आणि गाळ यांच्या गुणधर्मांइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, वाटा त्यात हक्कांच्या वाटणीचा आहे. पाणी किती दिवस राहील, ते कोण सोडील आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर नांगर कोण घालील, या प्रश्नांची उत्तरे जिथे ठरलेली होती तिथे चक्र चालले. ती उत्तरे मोडली तिथे ते अडखळले.

या दृष्टीने प्रस्तुत लेखात दोन प्रदेश विचारार्थ घेतले आहेत. एक फ्रान्समधील दोंबचे पठार आणि दुसरा आपल्या गोव्याची खाजन जमीन. या दोहोंचा परस्परांशी कधी संबंध आला असे नाही. एकाने दुसऱ्याचे पाहून काही उचलले असेही नाही. पण सारख्या अडचणीतून माणसे सारख्याच व्यवस्थेकडे कशी येतात आणि ती व्यवस्था कशाने ढासळते, हे समजून घेण्यास ही जोडी उपयोगी पडते.

आधी चक्राचे शास्त्र थोडक्यात पाहू. माशाच्या शरीरातील नत्राचा निरुपयोगी भाग मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात येतो. हा अमोनिया साचला तर मासे मरतात. परंतु पाण्यात, गाळात आणि दगडगोट्यांच्या पृष्ठभागावर राहणारे सूक्ष्मजीव त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे काम दोन वेगळ्या गटांतील जिवाणू करतात, हे रशियन शास्त्रज्ञ सेर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास दाखवून दिले. नायट्रेट हे वनस्पतींचे आवडते अन्न. म्हणजे माशाला जे विष, तेच दोन पायऱ्या उतरून पिकाचे खत होते. मातीशिवाय, केवळ क्षारमिश्रित पाण्यात पिके घेण्याच्या पद्धतीला 'हायड्रोपॉनिक्स' हे नाव कॅलिफोर्निया विद्यापीठाचे विल्यम गेरिक यांनी १९३७ साली रूढ केले. अमेरिकेत १९६९ मध्ये स्थापन झालेल्या न्यू अल्केमी इन्स्टिट्यूटने मासे आणि भाज्या एकत्र वाढवण्याचे प्रयोग केले. पुढे १९८० नंतर व्हर्जिन बेटांवरील विद्यापीठात जेम्स राकोसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीला मोजमापाची शिस्त दिली. टाकीतल्या चक्राचा इतिहास असा अर्ध्या शतकाचा आहे. तलावातल्या चक्राचा इतिहास पाहायचा तर किमान सातशे वर्षे मागे जावे लागते.

दोंब हे ल्यों शहराच्या ईशान्येस, ऱ्होन आणि सोन या नद्यांच्या बाजूला पसरलेले पठार. हिमयुगातील हिमनदी मागे सरताना जी चिकणमाती टाकून गेली, तिचेच हे पठार बनले आहे. या मातीत पाणी मुरत नाही. पाऊस पडला की चिखल आणि ऊन तापले की भेगा, अशा जमिनीत गहू चांगला येत नसे. मात्र जी माती पाणी मुरू देत नाही ती पाणी धरूनही ठेवते, आणि दोंबच्या लोकांनी या दोषाचाच उपयोग करून घेतला. तेराव्या शतकापासून येथे तलाव बांधल्याचे दाखले मिळतात. पुढील दोन शतकांत त्यांची संख्या बरीच वाढली. ख्रिस्ती उपासाच्या दिवसांत मांस वर्ज्य असल्याने माशांना मागणी होती, आणि ल्योंसारखी मोठी बाजारपेठ एका दिवसाच्या वाटेवर होती. तलाव उथळ, मातीच्या बांधांचे आणि केवळ पावसाच्या पाण्यावर भरणारे. ते उताराच्या अंगाने साखळीसारखे बांधलेले असत; वरच्या तलावाचे पाणी सोडले की ते खालच्याने घ्यायचे.

या तलावांचे वैशिष्ट्य असे की ते कायम भरलेले नसत. रूढ पद्धत साधारणपणे दोन वर्षे पाणी आणि तिसरे वर्ष कोरडे अशी होती. पाण्याच्या काळाला 'एव्होलाज' आणि कोरड्या वर्षाला 'आसेक' अशी नावे आहेत. थंडीच्या दिवसांत बांधाची मोरी उघडायची, पाणी हळूहळू खाली सोडायचे, मोरीजवळच्या खोलगट चरात गोळा झालेले कार्प, टेंच आणि पाइक हे मासे जाळ्याने काढायचे. त्यानंतर तलावाचा तळ उघडा पडतो. वसंतात तो नांगरून त्यात ओट पेरायचे. आपल्याकडे 'जई' या नावाने चाऱ्यासाठी लावतात तेच हे पीक. त्याला वेगळे खत घालावे लागत नसे. दोन वर्षे पाण्याखाली साचलेल्या गाळाला हवा लागली की त्यातील सेंद्रिय द्रव्य झपाट्याने कुजते आणि बांधून राहिलेले नत्र पिकाला उपलब्ध होते. शिवाय तळ वाळल्याने माशांच्या कित्येक रोगांचे बीज मरते आणि पाणवनस्पतींचा अतिरेकही आटोक्यात येतो. ओट कापले की धसकटे तशीच ठेवून तलाव पुन्हा भरायचा. ती पाण्यात कुजतात, त्यांवर सूक्ष्म प्राणी पोसले जातात आणि त्या प्राण्यांवर कार्पची पिले वाढतात. कार्पच्या गाळावर ओट आणि ओटाच्या धसकटांवर कार्प, असे हे चक्र होते. त्यात बाहेरून विकत आणून घालावे असे फारसे काही नव्हते.

या ओटांचे मोल आज पटकन लक्षात येत नाही. रेल्वेपूर्व युरोपात घोडा हाच शेतीचा, वाहतुकीचा आणि सैन्याचा कणा होता, आणि ओट हे घोड्याचे मुख्य खाद्य होते. दोंबचा तलाव म्हणजे एका परीने तिसऱ्या वर्षी घोड्यांचा दाणा देणारे शेत होते. पाण्याच्या वर्षांतही जनावरांना तेथून काही ना काही मिळे. उथळ काठांवर पाण्यावर तरंगत्या पानांचे एक गवत येते. त्याचे शास्त्रीय नाव ग्लिसेरिया फ्लुइटन्स. स्थानिक लोक त्याला 'ब्रुइय' म्हणत. गुरे आणि घोडी पाण्यात शिरून ते चरत. मासे खाली आणि वैरण वर, असा एकाच पाण्याचा दुहेरी उपयोग तेथे नित्याचा होता. आजच्या ॲक्वापॉनिक्सच्या चारा-वाफ्याचा हा एक दूरचा पूर्वज म्हणता येईल.

येथवर हा इतिहास तंत्राचा झाला. त्याची दुसरी बाजू हक्कांची आहे, आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची आहे. दोंबमध्ये व्हिलार गावाच्या नावाने ओळखली जाणारी एक रूढी होती. बांध घालण्याजोगी जागा ज्याच्या ताब्यात असेल त्याला तलाव करता येई, मग त्याच्या पाण्याखाली शेजाऱ्यांची जमीन बुडाली तरी चाले. मात्र त्या शेजाऱ्यांना भरपाई द्यावी लागे. भरपाईचा एक मार्ग असा की, पाण्याच्या वर्षांतले मासे बांध घालणाऱ्याचे, पण कोरड्या वर्षी आपापल्या पट्ट्यात पेरणी करण्याचा हक्क बुडित जमिनीच्या मालकांचा. यातून मालकीचा मोठा विलक्षण प्रकार निर्माण झाला. एकाच तळाचा पाण्यातला मालक निराळा आणि कोरडा मालक निराळा. कधी कोरडे मालक अनेक. आणि ब्रुइय चारण्याचा हक्क असणारे आणखी तिसरेच. कोणत्याही एकाने सगळे स्वतःकडे ओढायचे म्हटले तर दुसऱ्याचा हक्क आडवा येई. मासेवाल्याला तिसऱ्या वर्षी मोरी उघडणे भाग होते, कारण पेरणीवाले वाट पाहत असत. पेरणीवाल्यांना कापणीनंतर जमीन पाण्याला परत करणे भाग होते, कारण मासेवाल्याचा काळ सुरू होई. तलावाला विश्रांती मिळे ती अशी परस्परांच्या हक्कांमुळे.

ही व्यवस्था सुखाची होती असा याचा अर्थ नाही. दोंब हा तापाचा प्रदेश म्हणून कुप्रसिद्ध होता. उथळ पाणी आणि पाणवनस्पती हे डासांचे माहेरघर. हिवतापाने तेथील माणसे खंगत आणि शेजारच्या प्रदेशांच्या मानाने लवकर मरत. हिवतापाचा परोपजीवी जंतू लाव्हरान यांनी १८८० मध्ये शोधला आणि डासांचा त्यातील वाटा रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये भारतात सिद्ध केला. त्यापूर्वी दोष दलदलीच्या दूषित हवेला दिला जाई. शिवाय मासे विकून पैसा मिळवणारे बहुधा मोठे जमीनदार आणि मठ होते, तर तापाने फणफणणारी माणसे कुळे आणि मजूर होती. त्यामुळे फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात तलावांकडे पाहण्याची दृष्टी बदलली, यात नवल नाही. तलाव म्हणजे सरंजामी चैन, त्याच्या जागी धान्य हवे, असा विचार पुढे आला. ४ डिसेंबर १७९३ रोजी राष्ट्रीय परिषदेने तलाव कोरडे करून तेथे पेरणी करण्याचा हुकूम काढला. हुकूम काढणे सोपे होते. परंतु चिकणमातीचा स्वभाव हुकमाने बदलत नाही. १७९५ साली तो मागे घेण्यात आला.

त्यानंतरचे शतक तलाव विरुद्ध शेत या वादात गेले. १८५६ साली एका खास कायद्याने अनेक मालकांच्या तलावांची विक्री करून ते एका हाती आणण्याची वाट मोकळी करण्यात आली. गुंतागुंतीचे हक्क हेच सुधारणेच्या आड येतात, अशी त्यामागची धारणा होती. १८६० नंतर ल्यों ते बूर या लोहमार्गाची सवलत देताना कंपनीवर ६,००० हेक्टर तलाव कोरडे करण्याची जबाबदारी टाकण्यात आली. ताप कमी झाला, ही त्यातली निःसंशय जमेची बाजू. पण कायमच्या कोरड्या झालेल्या जमिनीला आता दर तीन वर्षांनी मिळणारा गाळ मिळेना. पूर्वी तलाव जे फुकट देत होता ते चुना आणि खत यांच्या रूपाने बाहेरून आणावे लागले. अखेरीस १९०१ च्या कायद्याने कोरडे केलेले तलाव पुन्हा भरण्यास मुभा मिळाली. आज दोंबमध्ये सुमारे हजारावर तलाव आहेत. पाण्याची वर्षे वाढून तीन-चार झाली आहेत, कोरड्या वर्षी ओटांबरोबर मकाही घेतला जातो; परंतु पाण्याचे साल आणि चाऱ्याचे साल यांची पाळी अद्याप मोडलेली नाही.

आता गोव्याकडे वळू. मांडवी, जुवारी आणि त्यांच्या खाड्यांच्या काठी भरतीच्या पाण्यापासून बांध घालून मिळवलेली जमीन म्हणजे खाजन. दोंबमध्ये अडचण पावसाच्या पाण्याची, येथे ती खाऱ्या पाण्याची. दगड, माती आणि पेंढा यांनी घातलेले बांध, आत वळणे घेत जाणारे पोंय आणि बांधाच्या तोंडाशी मानस, असा खाजनाचा साधा सांगाडा आहे. मानस हे लाकडी दारांचे झडपयंत्र. भरतीच्या पाण्याच्या दाबाने त्याची दारे आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. पंप नाही, इंजिन नाही. चंद्राच्या ओढीवर ते चालते. जून-जुलैच्या पावसाने जमिनीतले मीठ धुऊन निघाले की कोरगुट, आसगो यांसारख्या मीठ सोसणाऱ्या भाताच्या जाती पेरल्या जातात. कापणीनंतर काही खाजनांत खारे पाणी आत घेऊन मासे आणि कोळंबी वाढवतात, काही ठिकाणी मिठागरे चालतात. पाण्यासोबत आलेला गाळ आणि जलचरांचे मलद्रव्य जमिनीत राहते. पुढच्या वर्षीच्या भाताला ते उपयोगी पडते. भाताचे दाणे घरात, पेंढा गोठ्यात आणि कापलेल्या शेतातील धसकटांवर चरायला गुरे, हा त्याचा वार्षिक हिशेब. कोरगुटाच्या पेंढ्यावर नांगराचे बैल आणि दुभती जनावरे पोसली गेली. म्हणजे दोंबमध्ये जे तीन वर्षांत घडे ते येथे एका वर्षात घडे.

येथेही चक्रामागे हक्कांची बांधणी होती. जुन्या काबिजादींतील खाजने गावकरीच्या, म्हणजे पोर्तुगीज काळातील कोमुनिदादीच्या, ताब्यात असत. गावकरीचे रीतिरिवाज १५२६ मध्ये आफोंसो मेशिया यांच्या सनदेत नोंदले गेले. व्यवस्था त्याहून जुनी होती हे उघड आहे. मूळचे गोमंतकीय असलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४७ साली जुन्या काबिजादींतील ग्रामसंस्थेवर लिहिलेला निबंध या विषयाच्या अभ्यासकांना परिचित आहे. शेतीचे पट्टे आणि मानशीवरची मासेमारी या दोन्हींची पावणी, म्हणजे लिलाव, गावकरी करी. त्या उत्पन्नातून बांधांची डागडुजी होई आणि उरलेले वाटले जाई. यात मर्म असे की मासे आणि भात ही दोन उत्पन्ने एकाच संस्थेच्या वहीत जमा होत होती. मानशीवर मासे धरणाऱ्याने खारे पाणी अवेळी आत घेतले तर भात बुडे, भात बुडाले की शेतीच्या पावणीचे उत्पन्न घटे. म्हणून त्याला आवरणे हा संस्थेच्या स्वार्थाचाच भाग होता. दोंबमध्ये हा तोल वेगवेगळ्या मालकांच्या परस्परविरोधी हक्कांतून साधला जाई, गोव्यात तो एका संस्थेच्या वहीतून.

या संस्थेचे दोषही झाकण्याचे कारण नाही. गावकर हे वंशपरंपरेने आणि पुरुषपरंपरेने ठरत. चिखलात उतरून बांध सावरणारे, रोप लावणारे, कापणी करणारे बहुसंख्य लोक त्या वहीच्या बाहेर होते. गोवामुक्तीनंतर १९६४ साली आलेला कूळ कायदा आणि १९७६ ची पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला जमिनीचा मालक केले. हा न्याय झाला आणि तो उशिराच झाला. बांध आणि मानस यांच्या देखभालीची सामायिक जबाबदारी १९७५ च्या नियमांनी कुळांच्या संघांकडे आली. परंतु जुनी वही बंद होताना तिच्यातला जो भाग जपायला हवा होता तोही सुटला. नांगर धरणाऱ्याचे हित आणि मानस घेणाऱ्याचे हित यांना एकत्र बांधणारा धागा सैल झाला. पुढे कोळंबीला चांगला भाव येऊ लागला, तशी मानशीची पावणी चढू लागली. ज्याने मोठी रक्कम भरून ती घेतली त्याला खारे पाणी जितके दिवस आत राहील तितके हवेसे वाटणे स्वाभाविक होते. अनेक गावांत दारे अवेळी उघडी राहिल्याच्या, बांध फुटल्याच्या आणि शेतात मीठ चढल्याच्या तक्रारी झाल्या. जिथे भात गेले तिथे पेंढाही गेला आणि चराईही गेली. काही ठिकाणी शेताच्या जागी खारफुटी उभी राहिली. किनारी क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेने खाजनांना संरक्षण देऊन त्यांच्या व्यवस्थापनाचा आराखडा करण्याची तरतूद केली. कागदावरील संरक्षणाने बांधकामे थोपवता येतील. मानस कोणी, केव्हा उघडावी हे गावातच ठरावे लागते.

चारा कमी पडू लागला की नव्या पद्धतींकडे लक्ष जाणे साहजिकच आहे. गोव्यातही ते गेले. २०१० नंतरच्या काही वर्षांत राष्ट्रीय कृषी विकास योजनेच्या साहाय्याने येथे हायड्रोपॉनिक चाऱ्याची केंद्रे उभी राहिली, आणि जुन्या गोव्याजवळ एला येथील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संकुलात मक्याच्या अशा चाऱ्याचा पद्धतशीर अभ्यास झाला. ट्रेमध्ये मोड आलेला मका पसरून, वर पाण्याचे तुषार सोडून आठवडाभरात हिरवीगार गादी तयार होते. एक किलो मक्यापासून पाच ते सहा किलो चारा मिळतो. हा आकडा ऐकून मन हरखते. परंतु वाढलेले वजन पाण्याचे असते. एक किलो मक्यात कोरडा अंश सुमारे ९०० ग्रॅम. तयार चाऱ्यात तो शेकडा ११ ते १४. साडेपाच किलो चारा आणि १३ टक्के कोरडा अंश धरला तर हिशेब ७१५ ग्रॅमवर येतो. म्हणजे वाढीच्या आठवड्यात, बीजाच्या श्वसनात, जवळजवळ पाचवा हिस्सा खर्ची पडतो. चारशे किलो वजनाच्या गायीला दिवसाकाठी साधारण दहा किलो कोरडा अंश लागतो. तो सगळा या चाऱ्यातून द्यायचा तर सुमारे ७७ किलो चारा आणि त्यासाठी रोज १४ किलो मका हवा. म्हणून हा चारा पूरक म्हणूनच देणे योग्य. तो पचायला हलका असतो आणि जनावरे आवडीने खातात, हे त्याचे गुण मान्य करूनही. ही चर्चाही आजची नाही. मोडाच्या चाऱ्याविषयीच्या प्रयोगांचा सविस्तर आढावा इझाबेला लाइच यांनी स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथून १९३९ सालीच प्रसिद्ध केला होता.

मासे जोडले की हिशेब बदलतो काय? खताचा खर्च वाचतो, हे खरे. पण माशाला खायला घालावे लागते. राकोसी यांच्या पद्धतीतील प्रसिद्ध प्रमाण असे आहे की, तरंगत्या वाफ्यावरील पालेभाज्यांच्या दर चौरस मीटरला दिवसाकाठी ६० ते १०० ग्रॅम माशांचे खाद्य टाकीत पडले पाहिजे. शंभर चौरस मीटरच्या वाफ्याला रोज सहा ते दहा किलो. चाऱ्याच्या पिकाला हे प्रमाण थोडे इकडेतिकडे होईल, पण चक्राची सुरुवात खाद्याच्या पोत्यापासून होते हे बदलत नाही. त्या पोत्यात सोयाबीनची पेंड, धान्य, कधी माशांचे कूट असते. म्हणजे जनावरांना थेट घालता येण्यासारखाच बराचसा माल आधी माशाला घालून, त्याच्या मलद्रव्यावर गवत वाढवायचे आणि ते जनावराला द्यायचे. माशाला चांगला भाव असेल आणि खर्च त्यातून निघत असेल तर मिळालेला चारा हे उत्तम जोडउत्पन्न ठरेल. केवळ चाऱ्यासाठी असा खटाटोप केला तर चारा महाग पडेल. शिवाय पंप चोवीस तास चालावा लागतो. वीज गेली तर काही तासांत मासे दगावू शकतात. दोंबच्या तलावात कार्पचे खाद्य ओटाच्या धसकटांतून येत होते आणि मानशीची दारे चंद्र उघडत होता. टाकीतल्या चक्राला ती दोन्ही कामे बाजारातून विकत घ्यावी लागतात.

त्याबद्दल्यात टाकी एक मोठी सोय देते. तिच्यात वाटेकरी नसतात. तळ एकाचा, पाणी दुसऱ्याचे, चराई तिसऱ्याची असा प्रकार नाही. शेजाऱ्याशी बोलणे नको, तारीख ठरवणे नको, पावणीच्या अटींवरून भांडण नको. भिंतीच्या आत सगळे एकाच मालकाचे. १८५६ च्या फ्रेंच कायद्याला तलावांबाबत हेच हवे होते. माणसांतील करारमदाराची कटकट टाळण्यासाठी आपण जी किंमत मोजतो ती खाद्याच्या पोत्यांच्या आणि विजेच्या बिलाच्या रूपाने समोर येते, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. ज्या गावात जमीन नाही, जिथे पाणीच मोजून मिळते, तिथे ही किंमत मोजणे शहाणपणाचे असेलही. जिथे बांध अजून उभे आहेत आणि मानस अजून मिटते, तिथे आधी जवळच्या चक्राचा विचार व्हावा.

गोव्यात अशी खाजने अजून आहेत. त्यांचे पुनरुज्जीवन म्हणजे जुनी गावकरी परत आणणे नव्हे. ती जशी होती तशी यावी असे कसणारा कोणीही म्हणणार नाही. प्रश्न वहीचा आहे. मानशीची पावणी करताना खारे पाणी आत घेण्याची आणि बाहेर सोडण्याची तारीख अटीतच लिहिलेली असावी. ती पाळली नाही तर भरपाई भात पिकवणाऱ्याला मिळावी. पावणीच्या रकमेतून पहिला वाटा बांधाला जावा. आणि कापणीनंतर गुरे चारण्याचा काळ पाणी आत घेण्यापूर्वी राखून ठेवावा. यांत शास्त्रीय शोध लागावा असे काही नाही. दोंबच्या शेतकऱ्यांनी आणि आपल्या गावकऱ्यांनी आपापल्या परीने हेच ठरवले होते. आज पेंढ्याची किंमत कोणी मोजत नाही, म्हणून भात बुडाले की नुकसान केवळ तांदळाचे धरले जाते आणि मानस घेणाऱ्याचे पारडे जड दिसते. त्या हिशेबात गोठ्याची रांग वाढवली तर पारडे कुठे झुकेल, हे खाजनाकाठच्या प्रत्येक गावाने एकदा मांडून पाहावे.